चॉकलेटच्या जात्यात नारळाचं पाणी

आमची ही जिथं कामाला जाते तिथं चॉकलेट बनतं आणि चॉकलेटचं म्युझियमपण आहे, असं मी आमच्या प्रेस शॉपात सांगितलं तेव्हा सगळे हसले. एक जण म्हणला, "राव, म्युझियममध्ये जुन्या वस्तू असतात. जुनं चॉकलेट ठेवलं तर मुंग्याच बघायला मिळतील." हा जोक खरं तर माझा होता. त्यानं माझ्याआधी मारला म्हणून मला राग आला. रागाची सुरुवात तिथनंच धरा. तो अजून उतरलेला नाही.

माझं शिक्षण चौथी. चौथीच्या परीक्षेला मी बसलोच नाही, त्यामुळं तसं बघितलं तर मी अजून चौथीतच आहे. गाव तिकडं मराठवाड्यात. चाकणला आलो आणि गाड्यांच्या पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेसवर उभा राहिलो. माझ्या अंगात दोनच गुण. एक, लोकांना हसवतो. दोन, नारळ एका दणक्यात फोडतो. दुसऱ्या गुणाला वर्षातनं एकदाच भाव येतो, खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्याकडं मशिनी धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून, हळदकुंकू लावून उभ्या करतात. मग मोठे साहेब माझ्याकडं बघतात. मी प्रेसच्या खालच्या पाटावरच नारळ हाणतो. पाणी साच्यावरनं वाहतं, टाळ्या पडतात. लोखंडाला पाण्यानं काय होतंय? पुसलं की झालं. इतकी वर्षं मी हेच करत आलो, आणि माझ्या डोक्यात मशीन म्हणजे हे असं, वर नारळ फोडायची वस्तू.

आता हिची कंपनी. कंपनी म्हणायचं म्हणून म्हणायचं. तळेगाव रस्त्यावरनं आत गेलं की एका जुन्या शेतकरी घराचं आवार आहे. म्हातारे मालक, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांचं कांद्याचं वावर. अर्धं एमआयडीसीत गेलं, उरलेल्यात कांदा साठवायची वखार होती. मुलगा परदेशात जाऊन चॉकलेट शिकून आला आणि त्यानं वखारीतच मशिनी मांडल्या. त्याला सगळे दादा म्हणतात. दादाची बायको, त्या मॅडम. सुरुवातीला तिथं दादा, मॅडम आणि आमची ही, बास. केरळातनं पोत्यातनं कोकोच्या बिया यायच्या. ही त्या भाजायची, फोडायची, टरफलं पाखडायची. मग ते एका मोठ्या स्टीलच्या ड्रमात घालायचं. ड्रमात दगडाची दोन जाडजूड चाकं फिरतात आणि दोन-दोन दिवस ते दळत बसतात. ही त्याला जातंच म्हणते. सगळं ती तिथंच शिकली. आणि एक नियम तिनं स्वतःच्या घरी पण लावला होता, ओल्या हातानं तिच्या कामाच्या ॲप्रनला हात लावायचा नाही. का विचारलं तर म्हणायची, "चॉकलेटात पाण्याचा थेंब गेला की ते गेलंच. गोळा होतं त्याचा." मी हसायचो. म्हणलं पाण्याशिवाय कुठं काय बनतं का जगात?

सात वर्षं झाली तिला. तिथं कामाला पाच पोरी आल्या, शिकल्या, लग्न करून गेल्या. ही तिथंच. दादा तिला ताई म्हणतो. पाहुणा आला की सांगतो, "ताई म्हणजे आमच्या फॅमिलीतल्याच." फॅमिलीतली असल्यामुळं सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर जायचं, संध्याकाळी सहा वाजता सुटल्यावर घरी पोचायच्या आत फोन आला तर उलट फिरायचं. घरचंच काम, नाही कसं म्हणायचं.

यंदा त्यांनी मागच्या बाजूला नवीन खोली बांधली. गारगार एसीची. तिथं साच्यात चॉकलेट ओतायचं, काढायचं, चकाकी बघायची. दादा हिला म्हणला होता, "ताई, ती खोली तुमची. खंडेनवमीला हॉटेलवाले पाहुणे येणार आहेत, त्यांच्यासमोर सांगतो. घरच्यांना घेऊन या." मला तुम्हाला नीट सांगायचंय की ती खोली तिला किती पाहिजे होती. सात वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली उभं राहिलेल्या बाईला एक दार स्वतःचं पाहिजे होतं. भाकरी थापताना ती मला सांगायची की साचे कुठल्या भिंतीला लावणार, टेबल कुठं, कुठल्या पोरीला काय काम देणार. मी म्हणलं, "मला पण ठेव की कामाला." ती म्हणली, "तुम्हाला खोलीच्या बाहेर ठेवीन. कुत्रं नाही आमच्याकडं."

आदल्या संध्याकाळी तिनं मला समोर बसवलं.

"अहो, उद्या एवढं एक करा."

"सांग की."

"काही करू नका."

मी म्हणलं, हे मला जमतं, आयुष्यभर तेच केलं.

"हसू नका. तिथं मोठी माणसं येणारेत. गप बसा, चहा घ्या, दादानं खोलीचं सांगितलं की टाळ्या वाजवा. बास."

खंडेनवमीला आमच्या कंपनीतला नारळ फोडून, टाळ्या घेऊन मी थेट तिकडं गेलो. दारात एका पोरीनं मला डोक्याला जाळी दिली, दाढीला जाळी दिली, बुटांवर चढवायला निळ्या पिशव्या दिल्या. दाढीची जाळी मी आधी डोक्यालाच घातली. बसेना. मग दुसरी डोक्याला घातली, ती खाली तोंडावर आली. पोरगी म्हणली, "काका, तुम्ही ताईंचे ना?" म्हणलं हो. ती म्हणली, "ताई म्हणल्या होत्याच." काय म्हणल्या होत्या ते काय बोलली नाही.

आधी म्युझियम. वखारीची अर्धी बाजू. मॅडम पुढं, मागं हॉटेलवाले सात-आठ जण, गोरेगोमटे, सुगंधी, आणि सगळ्यात मागं मी, पायात पिशव्या. पाट्या इंग्लिशमध्ये वर, मराठी बारीक खाली. मला इंग्लिश येत नाही आणि बारीक दिसत नाही. पण मी प्रत्येक पाटीसमोर थांबून मान हलवायचो. एका पाटीसमोर जास्तच मान हलवली. शेजारच्या बाई हळूच म्हणल्या, "ते आग विझवायच्या सिलिंडरचं आहे." म्हणलं, "हो ना, चांगलं लिहिलंय."

काचेत कोकोची सुकलेली फळं होती, जुने साचे होते, परदेशातले डबे होते. भिंतीवर फोटो. अण्णा बैलांबरोबर, दादा परदेशात बर्फात, मॅडम कुठलंतरी बक्षीस घेताना. दादाचा पोरगा तोंडाला चॉकलेट फासून. त्या घरातलं मांजरसुद्धा एका फोटोत होतं. आमची ही कुठल्याच फोटोत नव्हती. मी दोनदा फिरून बघितलं. म्हणलं आपल्याला पाट्या वाचता येत नाहीत, पण बायको तर ओळखता येते.

आणि मग शेवटच्या काचेत बघितलं तर आमचं सूप.

मी खोटं नाही सांगत. आमच्या घरातलं सूप. कड उसवली होती तेव्हा मी ती खोकी बांधायच्या निळ्या प्लॅस्टिक पट्टीनं विणून बांधली होती, आमच्या कंपनीतली पट्टी. गाठ पण माझीच, वाकडी. हिनं सुरुवातीला बिया पाखडायला ते नेलं होतं. तिथं पाखडायचं मशीन नव्हतं ना तेव्हा. मग मशीन आलं आणि सूप काय घरी आलं नाही. आणि आता ते काचेत, वर पिवळा बल्ब.

मी शेजारच्या बाईंना विचारलं, "काय लिहिलंय हो?"

त्यांनी वाचलं, "संस्थापकांच्या घराण्यातलं पिढीजात सूप."

माझ्या डोक्यात सणक गेली. घराण्यातलं! त्यांच्या पिढीजात सुपाला आमच्या प्रेस शॉपातली पट्टी? मी तोंड उघडणार तेवढ्यात ही कुठनं तरी पांढऱ्या टोपीत आली आणि माझ्या बरगडीत कोपर घातलं. तोंडातनं शब्द तर निघाले होते, परत कसे घेणार? मग मी ते वळवले. म्हणलं, "वा! अस्संच सूप आमच्याकडं पण होतं. बिचारं हरवलं." सगळे हसले. मॅडमपण हसल्या. मॅडमना माहीत होतं ते कुणाचं आहे. तरी हसल्या. तो राग मी हसून गिळला, आणि तिथंच चुकलो. गिळलेला राग जागेवर बसत नाही.

पुढं चव घ्यायची. एवढासा तुकडा. मॅडम म्हणल्या, "चावू नका. जिभेवर ठेवा, डोळे मिटा, वितळू द्या." सगळ्यांनी डोळे मिटले. मी आधीच चावून गिळला होता, पण एकटाच उघड्या डोळ्यानं कसा उभा राहू, म्हणून मीपण मिटले. मॅडमनी विचारलं, "काय जाणवतंय?" एक म्हणला संत्रं. एक म्हणली मध. माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, "अजून एक मिळाला तर सांगता येईल." परत हशा. ही लांबनं माझ्याकडं बघत होती. मी मान खाली घातली. जाळी नाकावर आली.

आता पूजा. हिची तिथं दरवर्षीची पद्धत आहे. मशिनी बंद करायच्या, ड्रम रिकामे, झाकणं लावलेली. हळदकुंकू बाहेरच्या पायांना, आणि नारळ आवाराच्या फाटकावर फोडायचा. आत पाणी नाही. ही पद्धत हिनंच घातली आणि दादानं मानली होती. पण यंदा दादानं व्हिडिओवाला पोरगा आणला होता. तो म्हणला, "सर, बंद मशीन मेल्यासारखं दिसतंय. चालू पाहिजे. चॉकलेट फिरताना दिसलं पाहिजे, वर फुलं, आणि समोर नारळ. फुल ट्रॅडिशनल." जात्यात दोन दिवसांपासनं दळत असलेलं चॉकलेट होतंच. ह्याच हॉटेलवाल्यांचं, दिवाळीचं. दादानं झाकण काढायला लावलं.

ही पुढं झाली. मी ऐकलंय, माझ्यापासनं हातभर लांब होती. "दादा, झाकण काढून नको. पाणी जाईल."

"ताई, लांबून फोडू."

"दादा, फाटकावर फोडू या की. आपली पद्धत आहे."

"ताई, एक मिनिटाचं काम आहे. पाहुणे थांबलेत." असं म्हणून हसला आणि तिला हातानंच बाजूला केलं. ढकललं नाही. दार उघडताना पडदा सारतो तसं सारलं.

दादानं नारळ घेतला आणि ड्रमाच्या खालच्या लोखंडी चौकटीवर मारला. टक्. परत मारला. टक्. दादाचे हात म्हणजे मोबाईल धरायचे हात. व्हिडिओवाला म्हणला, "सर, जोरात." दादानं परत मारला आणि नारळ हातातनं सटकून अण्णांच्या पायाशी गेला. पाहुणे हसायला लागले. दादाचे कान लाल. मग त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि माझ्यावर नजर थांबली.

"भाऊ, तुम्ही प्रेस शॉपवाले ना? या की. दाखवा तुमचा हात."

मी हिच्याकडं बघितलं. तिनं मान हलवली. नको. एवढं स्पष्ट, की आंधळ्याला दिसलं असतं. पण तिकडं सगळे म्हणत होते, "या, भाऊ, या." आणि मला टाळ्यांची सवय. माझ्यासारख्या माणसाला कुणी बोलावतं कशाला? हसायला नाहीतर ओझं उचलायला. नारळ फोडायला बोलावलं म्हणजे मान. मी गेलो. पायातल्या पिशव्या सळसळत गेलो.

लांबनं फोडायचा, हे लक्षात होतं. पण हाताला माहीत नव्हतं. हाताला प्रेसचा पाट माहीत. नारळ उचलला, "बोला!" म्हणलो आणि चौकटीच्या कडेवर असा हाणला की नारळाची तीन शकलं उडाली. पाणी वर गेलं. वर गेलेलं पाणी मी बघत होतो. खाली येताना ते जात्यातच आलं.

टाळ्या पडल्या. व्हिडिओवाला म्हणला, "एक नंबर!"

टाळ्या संपायच्या आत जात्याचा आवाज बदलला. आधी मऊ, चपचप असा आवाज होता. तो घरघर झाला. चॉकलेट, जे तेलासारखं वाहत होतं, त्याला एकदम रवाळ गोळे यायला लागले. बघता बघता ड्रममध्ये शेणाचा लगदा फिरतोय असं झालं, त्यात झेंडूच्या पाकळ्या. दगडाची चाकं अडकली, पट्टा किंचाळायला लागला, रबर जळाल्याचा वास आला. ही धावली आणि बटण बंद केलं.

एकदम शांत. हॉटेलवाल्यांतला एक जण म्हणला, "हे आमचंच होतं ना?"

सगळे दादाकडं बघत होते. दादा ड्रमकडं. मग त्यानं मान वर केली आणि आमच्या हिच्याकडं वळला. सगळ्यांसमोर, मोठ्यानं.

"ताई, घरच्यांना आणायचं तर सगळं नीट समजावून आणायचं होतं ना. आत पाणी चालत नाही हे तुम्हाला माहिती आहे. सात वर्षं काम करताय. मी कुणावर विश्वास टाकायचा?"

तिनं ओठ उघडले. ती बोलणार होती. मी बघितलं, ती खरंच बोलणार होती. आणि मी, अकलेचा कांदा, मध्ये पडलो. दोन्ही कान धरले आणि म्हणलो, "दादा, तिला नका बोलू. चूक माझी. हा नारळ माझ्या डोक्यात फोडायला पाहिजे होता, आत पाणी पण निघालं नसतं. कोरडं ठाक आहे."

हसले सगळे. हुश्श करून हसले. दादा पण हसला आणि माझ्या खांद्यावर हात टाकला. "जाऊ द्या भाऊ. आपण फॅमिली आहोत." मॅडम पाहुण्यांना चहाला घेऊन गेल्या. चहा घेताना दादानं नव्या खोलीचं दार उघडलं आणि सांगितलं की ही खोली मॅडमची भाची बघणार. पोरगी तिथंच उभी होती, हसरी, नुकताच कसलातरी कोर्स करून आलेली. तिचा काय दोष. तिला पण आत्ताच कळलं असावं, कपात चहा तसाच धरून राहिली. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. हिनं सांगितलं होतं ना की टाळ्या वाजवा, म्हणून माझे हात एकदा वाजलेपण. मग मी ते खिशात घातले.

ही चहाला आलीच नाही. ड्रममध्ये वाकून लगदा खरवडत होती. मी मदतीला गेलो तर म्हणली, "हात कोरडे आहेत का?" मी शर्टाला पुसले. म्हणली, "मग तिथं लांब उभे राहा."

घरी निघालो. गाडीवर मागं बसली, पण खांद्यावर हात ठेवला नाही, मागचा दांडा धरला. घरी आल्यावर मी म्हणलं, "अगं, चुकून पडलं पाणी."

"पाण्याचं कोण बोलतंय?" ती म्हणली. "ड्रम धुता येतो."

"मग?"

"तुम्ही हसवलंत. दादा अडकला होता. सगळे त्याच्याकडं बघत होते. मी म्हणणार होते, दादा, मी नको म्हणले होते, तुम्हीच झाकण काढलंत. त्याला उत्तर द्यावं लागलं असतं. तुम्ही मध्ये पडलात आणि त्याला सोडवलंत. आता ती चूक तुमची झाली. तुमची म्हणजे माझी."

मला इतका राग आला की मी बाहेर जाऊन गाडीला लाथ मारली. गाडी माझीच. अंगठा अजून दुखतो. राग कुणाचा, तर आधी माझा. मला वाटायचं आपण सगळं आपल्यावर घेतो, म्हणजे आपण भले. आपल्यावर घेतलं की दुसऱ्यावरचं उतरतं, आणि ते कुणावरनं उतरतं तर नेहमी वरच्यावरनं. हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. दरवर्षी सगळे कामगार आपट्याची पानं घेऊन अण्णांच्या ओसरीवर जातात, सोनं देतात. ही म्हणली मी जाणारच, मी का तोंड लपवू. मी पण गेलो. मी ठरवून गेलो होतो की आज सरळ बोलायचं. आरशासमोर तोंड गंभीर करून बघितलं होतं. ही म्हणली, "पोट दुखतंय का?"

ओसरीवर दादा, मॅडम, अण्णा, कामाच्या पोरी, शेजारपाजारचे. मला बघून दादा ओरडला, "आले! नारळवाले आले! दगड लपवा!" सगळे हसले. मी दादाच्या हातात पानं दिली आणि म्हणलो, "दादा, एक बोलायचंय. काल झाकण तुम्ही काढायला लावलं. हिनं नको सांगितलं होतं. नारळ फोडायला मला तुम्ही बोलावलं."

सगळे हसले.

मी म्हणलं, "मी खरं बोलतोय."

अजून हसले. एक पोरगी पदरात तोंड घालून हसत होती. दादा म्हणला, "भाऊ, तुम्ही सिनेमात पाहिजे होता."

"दादा, मी चिडलोय!"

मग तर ओसरी हादरली. मी जितका चिडतो तितके ते हसतात. माझा आवाज चढला, बारीक झाला, फाटला. मी सुपाचं पण बोललो, निळ्या पट्टीचं, खोलीचं, सहानंतरच्या फोनचं. डोळ्यांत पाणी आलं तरी एक जण म्हणतोय, "ॲक्टिंग बघा, ॲक्टिंग." आयुष्यभर लोकांना शिकवून ठेवलं की ह्या माणसानं तोंड उघडलं की हसायचं. चांगले शिकले होते सगळे. माझ्या शाळेत कुणी नापास नाही.

अण्णा एकटे हसत नव्हते. ते म्हणले, "आरं, थांबा की. काय म्हनतोय त्यो? बाई, तू सांग. तू नको म्हनली व्हतीस?"

ही पुढं आली. आवाज चढवला नाही. "हो अण्णा. दादाला दोनदा म्हणले. इथल्या पोरींनी ऐकलंय."

आता हसणं थांबलं. पोरी जमिनीकडं बघायला लागल्या.

"व्हय का रं?" अण्णांनी दादाला विचारलं.

दादा म्हणला, "अण्णा, त्या गडबडीत काय आठवतंय. आणि आता सणाच्या दिवशी कशाला?"

मला वाटलं, म्हातारा आता पोराला झापतो. जुना माणूस, वावरात राबलेला. अण्णा हिच्याकडं वळले आणि म्हणले, "ऱ्हाऊ दे बाई. घरातलं घरात मिटवायचं. तू काय परकी हायस व्हय? घरातलीच की आमच्या."

झालं. म्हातारासुद्धा तेच. मला वाटलं त्या ओसरीचा खांब उपटावा.

ही म्हणली, "नाही अण्णा. घरातली असते तर खोली भाचीला गेली नसती आणि चूक माझ्याकडं आली नसती. मी कामगार आहे. उद्या कामाला येते. नऊला येते आणि सहाला जाते. सुट्टीच्या दिवशी येत नाही. घरातली म्हणून आता मला काही सांगू नका, काम म्हणून सांगा. आणि काल सगळ्यांसमोर जे बोललात ते सगळ्यांसमोर परत घ्या, तेव्हा खोलीचं बोलू." मग वाकून अण्णांना सोनं दिलं, पाया पडली, आणि चपला घालून फाटकाकडं निघाली. माझ्याकडं बघितलं नाही, पण फाटकाशी थांबली.

दादानं परत घेतलं नाही. अजून घेतलेलं नाही. नव्या खोलीत भाची बसते, एसीत, आणि अडलं की बाहेर येऊन हिला विचारते. ही सांगते. चॉकलेटाशी माझं भांडण नाही, म्हणते. माझं तसं नाही. माझं चॉकलेटाशी, वखारीशी, त्या काचेतल्या बल्बशी, सगळ्यांशी भांडण आहे. मी तिला म्हणलं सोडून दे, दुसरीकडं बघू. ती म्हणली, "सात वर्षं माझी आहेत. ती तिथं टाकून कुठं जाऊ? त्यानं जावं वाटलं तर."

दिवाळीच्या तोंडावर एका संध्याकाळी मला दादाचा फोन आला. मला. गोड आवाज. "भाऊ, मोठी ऑर्डर आहे, जातं चालू आहे आणि ताई उठून घरी गेल्या. सहा म्हणजे सहा. असं कसं चालेल? तुम्ही जरा समजवा की. तुम्हाला तर जमतं, हसत हसत सांगा."

मी ऐकून घेतलं. कानशिलं तापली. पाच-सहा शिव्या एकदम तोंडाशी आल्या, एकीलाही पुढं जागा मिळेना. ही ओट्याशी कणीक मळत होती. मी फोन स्पीकरवर टाकला आणि तिच्या तोंडासमोर धरला.

दादा म्हणत होता, "हॅलो? भाऊ? सांगताय ना तिला?"

ही म्हणली, "दादा, मीच बोलतेय. सकाळी नऊला येते."

"अहो ताई, पण घरचं काम..."

"घरचंच करतेय," ती म्हणली, आणि पिठाच्या बोटानं फोन बंद केला.